पावसाळा आला की वाढणारं लाइट बिल आणि मीटरवरचा लाल ठिपका

मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं लाइट बिल तीन वर्षं एकच खोड काढत होतं. फेब्रुवारीत ९२ युनिट. मेमध्ये कूलर लावूनही ११८. जुलै उजाडला की १७१, ऑगस्टला १७८. दिवाळीनंतर परत ८८ वर, जसं काही झालंच नाही. ते खालच्या मजल्यावर राहतात, आम्ही वर. मीटर दोन, बिलं दोन. पावसाळ्यात खाली कूलर बंद, पंखा एकवर, माणूस एकटा. मग एवढी वीज जाते कुठं?

मामांचा निकाल ठरलेला होता. "अगं, मीटर पळतंय. दुसरं काय!"

मीटर पळत नव्हतं. खरं कारण सापडायला तीन पावसाळे गेले, आणि ते भिंतीच्या आत होतं. आमच्यासारखी घरं सांगलीत बरीच असणार, म्हणून आम्ही काय काय तपासलं आणि कुठं कुठं चुकलो ते सविस्तर लिहिते.

आधी घराची पार्श्वभूमी, कारण तिचा संबंध आहे. घर सांगलीच्या गावभागात, जुनं, मातीच्या जाड भिंतींचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४५ फूट), तेव्हा खालचे सगळे स्विचबोर्ड पाण्यात होते. पाणी उतरल्यावर अख्ख्या सांगलीला एकाच आठवड्यात वायरमन हवा होता. आम्हाला जो मिळाला त्यानं दोन दिवसांत बोर्ड बदलले, ते भिंतीवर तीन फूट वर सरकवले आणि दोन्ही मीटर जिन्यात डोक्याच्या वर चढवून घ्यायला लावले. पुन्हा पूर आला तर बुडू नयेत म्हणून. त्यामुळं आमच्याकडं मीटर बघायचं म्हणजे स्टूल लागतं, आणि स्टूल लागतं म्हणून कुणी बघत नव्हतं.

आधी कागद

बिल हातात आलं की नजर थेट रकमेवर जाते. रक्कम शेवटी बघा. आधी मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि दोन्हींच्या तारखा बघा. बिलावर मीटरचा फोटो असेल तर तोही बघा. त्यातला आकडा आणि चालू रीडिंगचा आकडा एकच आहे ना, ते जुळवा. मग स्वतः मीटरपाशी जाऊन आजचा आकडा वाचा. तो बिलातल्या आकड्यापेक्षा थोडा पुढं गेलेला असायला हवा. मागं असेल तर रीडिंग चुकीचं घेतलंय, आणि तक्रार तिथंच मिटते.

वाचण्यातही एक गंमत आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरचा पडदा एका जागी थांबत नाही. तारीख, वेळ, व्होल्टेज, करंट असं काहीबाही येत राहतं आणि मध्येच एकदा आपल्याला हवा तो आकडा येऊन जातो. आकड्याशेजारची अक्षरं बघायची: केडब्ल्यूएच असेल तोच एकूण युनिटचा आकडा. नुसतं केडब्ल्यू दिसलं तर ती एकावेळची मागणी असते, आणि केव्हीएएच दिसलं तर घरगुती बिलासाठी ते सोडून द्यायचं. पहिल्यांदा मी स्टुलावर चढून मोठ्या ऐटीत २.१४ लिहून आणलं होतं. मामा म्हणाले, "तीन वर्षांत एवढंच जाळलं होय?" ती कमाल मागणी होती. आता मी मोबाइल वर धरून मिनिटभराचा व्हिडिओच काढते आणि खाली बसून बघते.

दशांश चिन्हाकडंही लक्ष ठेवा. ४८७३.६ असेल तर बिलासाठी ४८७३. ठिपका दिसला नाही की लोक अठ्ठेचाळीस हजार सातशे छत्तीस वाचतात आणि त्या रात्री झोपत नाहीत. जुन्या, चकती फिरणाऱ्या मीटरमध्ये शेवटचं लाल घर असायचं, त्यातलाच हा प्रकार. नव्या टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणाऱ्या) मीटरवर वेळेच्या टप्प्यांनुसार वेगवेगळे आकडेही फिरतात, कारण १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर सवलत आहे. आपल्या कामाला त्यातला एकूणचाच आकडा घ्यायचा.

नंतर दिवस मोजा. एक रीडिंग २८ दिवसांनी आणि दुसरं ३४ दिवसांनी घेतलं तर युनिट वाढलेलेच दिसणार. म्हणून मी महिन्याचे युनिट बघतच नाही, दिवसाचे बघते. मामांचं फेब्रुवारीत दिवसाला ३ युनिटच्या आसपास पडत होतं, जुलैत साडेपाच. म्हणजे वाढ दिवसांच्या घोळातली नव्हती, खरी होती.

घर बंद असताना सरासरीचं बिल येतं आणि पुढच्या महिन्यात खरं रीडिंग घेतल्यावर सगळे युनिट एकदम अंगावर येतात, हेही बऱ्याच जणांचं दुखणं असतं. तसं असेल तर ते युनिट जितक्या महिन्यांचे तितक्या महिन्यांत विभागून दराचे टप्पे लागले आहेत का आणि आधी भरलेली रक्कम वजा झाली आहे का, हे बघा. उन्हाळ्याच्या सुमारास सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, तेही वापराचं नसतं.

आता टप्प्यांबद्दल. घरगुती वापराचे टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढं असे आहेत. १०१ वा युनिट जळला की सगळं बिल महागतं असा समज घरोघरी आहे. आमच्या शेजारी तर महिनाअखेरीला इस्त्री बंद असते. तसं नसतं. पहिले १०० पहिल्याच दरानं, वरचे तेवढे पुढच्या दरानं. पण तो पुढचा दर दुपटीच्या घरात जातो, शिवाय सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणून मामांचे युनिट दुपटीपेक्षा कमी वाढले होते आणि पैसे मात्र दुपटीहून जास्त. रकमेवरून अंदाज बांधला की माणूस घाबरतो, तो असा.

आमचा कागद स्वच्छ निघाला. पहिला पावसाळा एवढ्यात गेला.

दुसऱ्या वर्षी आम्ही फी भरून मीटर तपासून घेतलं. घरगुती मीटरला साधारण एक टक्का इकडंतिकडं चालतं; आमचं त्यातच बसत होतं. तपासणारा म्हणाला, "मीटर बरोबर आहे, आजोबा, तुमची वीज जातीय खरी." मामांना ते पटलं नाही. मला पटलं, पण पुढं काय करायचं ते सुचलं नाही.

रात्री अकरा वाजता, स्टुलावर

तिसऱ्या वर्षी जुलैत मी ठरवलं की वीज जाते कुठं हे मीटरलाच विचारायचं.

प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ ३२०० इंप/केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं. अर्थ असा की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. काही मीटरवर १६०० असतं, काहींवर ६४००. त्यावरून या क्षणी घरात किती वॅट चालू आहेत ते काढता येतं. ३२०० च्या मीटरसाठी ११२५ हा आकडा लक्षात ठेवा: दोन लुकलुकींमध्ये जितके सेकंद जातात त्यानं ११२५ ला भागलं की वॅट मिळतात. १६०० असेल तर २२५० ला भागायचं. हजार वॅटची इस्त्री एकटी लावली तर दिवा सेकंदागणिक फडफडतो, साठ वॅटचा बल्ब एकटा असेल तर एकोणीस सेकंद वाट बघावी लागते. एकदा असं करून बघा, हिशेबावर विश्वास बसतो.

त्या रात्री खालचं सगळं बंद केलं. नुसते स्विच बंद केले नाहीत. फ्रिजचा प्लग काढला, टीव्ही आणि सेट टॉप बॉक्सचा काढला, मोबाइलचा चार्जरसुद्धा काढला. मामा अंधारात पाटावर बसले हातात घड्याळ घेऊन, मी स्टुलावर. मीटर शून्यावर असायला हवं होतं.

दिवा लुकलुकला. मी ओरडले, "एक!"

बाहेर पाऊस. मामा मोजत होते. "...आठ, नऊ, दहा."

"दोन!"

दर दहा सेकंदांना एक. ११२५ भागिले १०, म्हणजे ११२ वॅट. सगळं बंद असताना. २४ तास, ३० दिवस हेच चालू राहिलं तर महिन्याला ८१ युनिट. फेब्रुवारी आणि जुलैमधला फरक मी मनातल्या मनात काढला: ७९.

आणि मग, मोबाइलच्या उजेडात पेटीच्या काचेवरची धूळ पुसताना, दुसरा एक दिवा दिसला. लाल, न लुकलुकता, एकसारखा पेटलेला. शेजारी इंग्रजीत 'अर्थ', म्हणजे जमीन, असं छापलेलं. काही मीटरवर तिथं ई/एल लिहिलेलं असतं, काही नव्या मीटरमध्ये दिव्याऐवजी पडद्यावर खूण उमटते. तीन वर्षं तो बहुधा दर पावसाळ्यात पेटत असणार. आमच्या डोक्यावर.

त्याचा अर्थ असा. सिंगल फेज मीटर फेजमधून घरात जाणारा करंट मोजतं आणि न्यूट्रलमधून परत येणाराही. सगळं ठीक असेल तर दोन्ही सारखे. गेलेल्यापैकी काही परत आलं नाही, म्हणजे वाटेत कुठंतरी जमिनीत उतरलं, तर हा दिवा पेटतो आणि मीटर दोन्हींपैकी जो करंट जास्त असेल त्यावर युनिट धरतं. चोरी पकडायला केलेली सोय आहे ही. पण भिंतीत मुरणारी वीजही ती तितक्याच इमानदारीनं आपल्या बिलात घालते.

खाली उतरून मी मामांना सांगितलं की अर्ध्या अँपियरच्या आसपास करंट कुठंतरी गळतोय. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मोरीतल्या नळाला पावसाळ्यात मुंग्या येत्यात हाताला. मला वाटलं वयामुळं."

माझ्या पोटात गोळा आला. तीन वर्षं आम्ही पैशांचा हिशेब करत होतो आणि हा माणूस रोज पहाटे अनवाणी, ओल्या फरशीवर उभा राहून तो नळ सोडत होता. बिलाचं राहू द्या. पावसात नळाला, भिंतीला, फ्रिजच्या दाराला झिणझिण्या येत असतील तर पुढचं वाचायच्या आधी मेन स्विच पाडा आणि वायरमनला फोन करा.

गळती शोधायची रीत सोपी आहे. खाली चार एमसीबी, म्हणजे घराच्या एकेका भागाची वीज तोडणारे स्विच, आहेत. कोरडी चप्पल घालून एकेक पाडत गेले आणि मामा वरचा दिवा बघत राहिले. पहिला पाडला, लुकलुक चालूच. दुसरा, चालूच. तिसरा मागच्या खोलीचा आणि मोरीचा. तो पाडताच लुकलुक थांबली आणि लाल दिवाही विझला. त्या रात्री तो एमसीबी पाडूनच ठेवला.

इथं एक बारकावा आहे ज्यानं आम्हाला आधी फसवलं होतं. गळती बोर्डाच्या अलीकडं, स्विचच्या आधी असेल तर स्विच कितीही बंद करा, काही फरक पडत नाही. एमसीबीच पाडावा लागतो. आणि मेन स्विच पाडूनही दिवा लुकलुकतच राहिला तर दोष मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये आहे; तिथं आपण हात घालायचा नाही, मीटरच्या सीलला तर मुळीच नाही. वीज कंपनीच्या १९१२ या नंबरवर तक्रार नोंदवायची.

भिंतीच्या आत

वायरमन दुसऱ्या दिवशी भर पावसात आला, आणि हेच महत्त्वाचं ठरलं. आधीच्या दोन वर्षी आम्ही त्याला दिवाळीच्या रंगकामाच्या वेळी बोलावलं होतं, तेव्हा भिंत खडखडीत वाळलेली होती आणि त्याला काहीच सापडलं नव्हतं. या वेळी त्यानं वायर सोडवून मेगर (वायरीतून गळती होते का ते तपासायचं यंत्र) लावला, आणि काटा जिथं वर जायला हवा होता तिथं तळाशीच पडून राहिला.

बोर्डाखाली गुडघ्याएवढ्या उंचीवर भिंत फोडली. पाइपच्या आत एक जोड निघाला. पुरानंतर बोर्ड तीन फूट वर नेले तेव्हा जुनी वायर अपुरी पडली होती. घाईत त्या वायरमननं नवा तुकडा जोडला, वर टेप गुंडाळली आणि प्लास्टर करून टाकलं. टेप सुटून चिकट काळा लगदा झाली होती. आतलं तांबं हिरवं पडलं होतं. उन्हाळ्यात भिंत सुकली की तो जोड गप्प बसायचा. पावसाळ्यात ओल पायथ्यापासून वर चढली की त्या हिरव्या तांब्यातून वीज भिंतीत मुरायची. एमसीबी का पडला नाही? त्याला अर्धा अँपियर म्हणजे काहीच नाही, तो जास्त भार आणि शॉर्टसर्किट यांसाठी असतो.

त्या भागाची वायर बोर्डापर्यंत सलग, मध्ये जोड न देता नवी ओढली. पूर आलेल्या भागात ज्यांनी बोर्ड वर सरकवून घेतलेत त्यांनी वायर जोडलीय की बदललीय एवढं त्या वायरमनला आठवून बघायला सांगा. आठवणार नाही, पण पावसाळ्यात मेगर लावला की कळेल.

मग आम्ही आरसीसीबी बसवायला सांगितला. तीस मिलिअँपियरचा. गेलेल्या आणि परत आलेल्या करंटमध्ये एवढासा फरक पडला तरी तो वीज तोडतो. मामांच्या भिंतीत जेवढा करंट मुरत होता त्याच्या सोळाव्या हिश्श्यावरही तो पडला असता.

बसवला, आणि संध्याकाळी पाण्याची मोटर लावली तर पडला. उचलला. मोटर लावली. परत पडला. तीन दिवस हाच खेळ. वायरमन कंटाळून म्हणाला, "वहिनी, हे काढून टाकूया. सारखं पडतंय, काकांना रात्री-अपरात्री कोण उचलून देणार?"

काढू दिला नाही. आरसीसीबी काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडून बाकीचंही काम करून घेताना विचार करावा असं माझं मत झालंय. मी पुन्हा स्टुलावर चढले आणि मोटर चालू करायला सांगितली. या वेळी लाल दिवा दोन्ही मीटरवर पेटला. खालच्याही आणि आमच्याही.

मोटरचा फेज खालच्या मीटरवरून होता आणि न्यूट्रल, जवळ पडली म्हणून, जिन्यातल्या आमच्या दिव्याच्या न्यूट्रलला जोडलेली. पुन्हा तेच पुरानंतरचे दोन दिवस. करंट मामांच्या मीटरमधून जायचा आणि परत यायचा आमच्या मीटरमधून. त्यांचं मीटर म्हणायचं फेज जास्त आहे, धरा. आमचं म्हणायचं न्यूट्रल जास्त आहे, धरा. एकाच मोटरची वीज दोन बिलांत. एक एचपीची मोटर साधारण ११०० वॅट खाते, रोज पंचवीस मिनिटं चालते. म्हणजे महिन्याला चौदाएक युनिट आम्ही फुकटचे भरत होतो, तेही बारा महिने, आणि आमच्या बिलात ते कधी नजरेत आलं नव्हतं, कारण ते कधी कमी-जास्त झालंच नव्हतं. दोन भावांची, भाडेकरूंची किंवा वर-खाली अशी वेगळी मीटर असलेल्या घरात जिन्याचा दिवा आणि मोटर या दोन जागा आधी बघा. न्यूट्रल वेगळी ओढायला अर्धा तास लागला. आरसीसीबी त्यानंतर पडलेला नाही.

लाल दिवा पेटत नसेल आणि तरी बिल चढत असेल तर मग खरोखर घरातलंच काही खातंय. त्यात लपलेले खादाड दोन-तीनच. इन्व्हर्टरची म्हातारी बॅटरी: ती भरतच नाही, म्हणून इन्व्हर्टर दिवसरात्र तिला वीज पाजत बसतो. फ्रिजच्या दाराचं सैल रबर: दारात कागद धरून दार लावा, कागद अलगद ओढून निघाला तर रबर गेलं. आणि गिझर चालू ठेवून विसरणं. दोन हजार वॅटचा गिझर पंधरा मिनिटांत अर्धा युनिट घेतो. साध्या पंख्याला ७५ वॅट लागतात, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरच्या पंख्याला तीसेक. पंखा रात्रभर चालणाऱ्या घरात तो बदल लवकर दिसतो. पण कुणाला दोष द्यायच्या आधी लुकलुक मोजा.

यंदाच्या जुलैत मामांचे ९४ युनिट आले. मीटर आता तेच मोजतात. मी स्टुलावर, ते खाली घड्याळ घेऊन, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. फ्रिजचा प्लग काढून सगळं बंद केलं की पंच्याहत्तर सेकंदांना एक लुकलुक अजून होते, म्हणजे १५ वॅट. तो सेट टॉप बॉक्स आहे. महिन्याला जवळजवळ अकरा युनिट. रात्री बटण बंद करत जा म्हणून दोनदा सांगून बघितलं.

"सकाळी सातला अभंग लागतात," मामा म्हणाले, "आणि त्यो बॉक्स चालू व्हायला पाच मिनिटं घेतोय. राहू दे तेवढे."